गव्हाणीकडे कोण निघालं? ख्रिस्तजन्माच्या कथेतले श्रद्धेचे धडे

बेथलेहेम यरुशलेमच्या दक्षिणेला साधारण नऊ किलोमीटरवर आहे. पायी गेलं तर दोन-अडीच तास. मत्तयच्या शुभवर्तमानात, म्हणजे येशूचं चरित्र सांगणाऱ्या बायबलमधल्या चार पुस्तकांपैकी एकात, हेरोद राजा यरुशलेमच्या मुख्य याजकांना आणि शास्त्र्यांना बोलावून विचारतो, ख्रिस्ताचा जन्म कुठे व्हायचा आहे? उत्तर त्यांच्या जिभेवर तयार असतं: बेथलेहेमात. पुरावा म्हणून मीखा संदेष्ट्याचं वचनही ते म्हणून दाखवतात. स्थळ बरोबर, वचन बरोबर. पण तिकडे जाऊन पाहिलं असं त्यांच्यातल्या एकाबद्दलही लिहिलेलं नाही. जातात ते परक्या मुलखातले मागी लोक, म्हणजे ग्रहताऱ्यांचे जाणकार, ज्यांना त्या गावाचं नाव त्याच वेळी कळलेलं असतं.

ख्रिस्तजन्माच्या कथेतली श्रद्धा समजून घ्यायची तर सुरुवात या प्रसंगापासून करावी. पुढची-मागची सगळी माणसं याच कसोटीला लागतात. कोणाला किती ठाऊक होतं याला कथेत फारसं मोल नाही. अर्धवट कळलेलं घेऊन कोण घराबाहेर पडलं, ते लेखक टिपून ठेवतात. मरीया 'त्वरेने' डोंगराळ प्रदेशात जाते, मेंढपाळ 'त्वरेने' गावात येतात, योसेफ रात्रीच उठून मुलाला आणि त्याच्या आईला घेऊन निघतो. हेरोद तेवढा जागचा हलत नाही. तो दुसऱ्यांना पाठवतो.

आधी मजकूर हातात घ्या

नाताळच्या देखाव्यात आपण जे एकत्र पाहतो ते दोन वेगळ्या लेखकांकडून आलेलं आहे. मार्कचं शुभवर्तमान मोठ्या वयाच्या येशूच्या बाप्तिस्म्याजवळ सुरू होतं, आणि योहान 'प्रारंभी शब्द होता' इथून. जन्माची हकिकत सांगतात ते मत्तय आणि लूक, प्रत्येकी आपल्या पहिल्या दोन अध्यायांत. मत्तयची 25 आणि 23, लूकची 80 आणि 52, अशी सगळी मिळून 180 वचनं. मोठ्याने, न घाईने वाचलं तरी पाऊण तासात होतं. त्यात प्रत्यक्ष जन्म लूकने दोन वचनांत सांगून टाकला आहे (अध्याय 2, वचनं 6 आणि 7), आणि मत्तयने तर जाता जाता.

एका कागदाच्या मधोमध रेघ ओढून डावीकडे मत्तय, उजवीकडे लूक असं लिहीत गेलं की बरेच गैरसमज आपोआप गळतात. डावीकडे येतं: वंशावळ, योसेफाची स्वप्नं, तारा, मागी लोक, एक घर, हेरोदाची कत्तल, मिसर देशात पलायन. उजवीकडे: जखऱ्या आणि अलीशिबा, देवदूत गब्रीएलचा निरोप, मरीयेचं गीत, नावनिशी (रोमन जनगणना), गव्हाणी, मेंढपाळ, मंदिरातले शिमोन आणि हन्ना. दोन्हीकडे सापडतात त्या गोष्टी थोड्या आहेत: आईवडिलांची नावं, पवित्र आत्म्याने झालेली गर्भधारणा, दावीद राजाचं घराणं, हेरोदाचा काळ, बेथलेहेममधला जन्म आणि नासरेथमधलं वाढणं. मेंढपाळ आणि मागी लोक एकाच रात्री एकाच छपराखाली उभे आहेत असं दोघांतला एकही लेखक म्हणत नाही.

तिसरी यादी करावी ती मजकुरात मुळीच नसलेल्यांची. निर्दय खानावळवाला नाही. उंट नाहीत. मागी लोक किती होते हे दिलेलं नाही. भेटी तीन म्हणून माणसं तीन धरली गेली, त्यांना राजे करण्यात आलं आणि नावंही पुढे मिळाली. बैल आणि गाढव आले ते यशया संदेष्ट्याच्या पुस्तकातल्या पहिल्या अध्यायातल्या तिसऱ्या वचनावरून: बैल आपल्या धन्याला ओळखतो, गाढव आपल्या मालकाची गव्हाणी ओळखतं, माझे लोक मात्र ओळखत नाहीत. म्हणून देखाव्यातून त्यांना हाकलायला हवं असं नाही. 1223 साली इटलीतल्या ग्रेच्चो गावात असिसीच्या फ्रान्सिसने गव्हाणीचा देखावा मांडला तेव्हा खरा बैल आणि खरं गाढव आणून उभं केलं होतं. घोळ होतो तो मजकुरात नसलेल्या पात्रावर अख्खं प्रवचन उभं राहतं तेव्हा. त्याचं सगळ्यात ठळक उदाहरण खानावळवाल्याचं, त्याच्याकडे पुढे येऊ.

सालांबद्दल थोडक्यात. हेरोद इसवी सनापूर्वी 4 मध्ये मेला असं बहुतेक इतिहासकार मानतात, म्हणजे येशूचा जन्म त्याआधीचा. सहाव्या शतकात डायोनिसियस नावाच्या मठवासीयाने सनाचा हिशेब बसवला तेव्हा काही वर्षांची चूक झाली. लूक ज्या क्विरीनियच्या नावनिशीचा उल्लेख करतो, ती इतिहासकार योसेफसच्या हिशेबाने इसवी सन 6 ची आहे. या दोहोंचा मेळ कसा घालायचा यावर अभ्यासकांचं एकमत नाही. 25 डिसेंबर ही तारीख शुभवर्तमानांत नाही; रोममध्ये ती चौथ्या शतकात रूढ झालेली दिसते. आर्मेनियन चर्च आजही जन्म 6 जानेवारीलाच पाळतं.

दोन प्रश्न, दोन उत्तरं

लूक कथा सुरू करतो ती म्हाताऱ्या याजकापासून. जखऱ्या आणि अलीशिबा दोघंही देवाच्या दृष्टीने नीतिमान होती आणि त्यांना मूल नव्हतं: ही दोन वाक्यं लूकने मुद्दाम शेजारी ठेवली आहेत (1:6 आणि 7). मूल नसणं ही पापाची शिक्षा, असं तेव्हाही लोक बोलत. आपल्याकडे आजही कमी ऐकू येत नाही. लूक ते पहिल्याच पानावर खोडतो. श्रद्धा कमी पडली म्हणून ओटी रिकामी राहिली, असं कोणी नाताळच्या कथेचा आधार घेऊन सांगू लागलं तर त्याला ही दोन वचनं दाखवावीत.

याजकांचे 24 वर्ग होते. मंदिरात धूप जाळण्याचा मान चिठ्ठी टाकून ठरे आणि तो एखाद्या याजकाला आयुष्यात एकदाच मिळायचा. त्या एका दिवशी जखऱ्याला गब्रीएल दिसतो आणि मुलगा होईल म्हणून सांगतो. जखऱ्या विचारतो, हे मी कशावरून समजू? आणि त्याची वाचा जाते. सहा महिन्यांनी तोच गब्रीएल नासरेथला मरीयेकडे जातो. तीही प्रश्न विचारते: हे कसं होईल? तिला शिक्षा होत नाही, उत्तर मिळतं.

वाचकाला इथे अन्याय झाल्यासारखा वाटतो, आणि तसं वाटणं बरोबरच आहे. फरक शब्दांत पाहावा. जखऱ्या पुरावा मागतो, मरीया रीत विचारते. शिवाय जखऱ्या याजक. अब्राहाम आणि सारा यांना म्हातारपणी मूल झाल्याची कथा त्याच्या बाळकडूतली. मरीयेपुढे तसा कोणताही दाखला नव्हता. पण जखऱ्याला नापास ठरवून पुढे जाऊ नये. त्याला दिलेलं वचन मागे घेतलं जात नाही. मूल होतं, नाव ठेवायच्या वेळी तो पाटीवर 'याचं नाव योहान आहे' असं लिहितो (हा पुढे बाप्तिस्मा देणारा योहान, शुभवर्तमान लिहिणारा नव्हे) आणि वाचा परत येते. नऊ-दहा महिन्यांची सक्तीची शांतता त्याला शिक्षा म्हणून मिळाली, पण ती सुटताच त्याच्या तोंडून पहिलं काय निघतं तर स्तोत्र.

मरीयेचा होकार 'मी प्रभूची दासी' या शब्दांत आहे, म्हणून तिला मुकाट सोसणारी मुलगी करून टाकण्याची फार जुनी खोड आहे. ती खोड मोडायला तिचं गीत पुरेसं आहे (लूक 1:46 ते 55). त्यात सत्ताधाऱ्यांना गादीवरून ओढून काढलं आहे, भुकेल्यांना चांगल्या गोष्टींनी तृप्त केलं आहे, धनवानांना रिकाम्या हातांनी परत पाठवलं आहे. हे गीत शमुवेलाची आई हन्ना हिच्या जुन्या गीताच्या घडणीवर रचलेलं आहे. म्हणजे होकार देणाऱ्या मुलीला आपल्या लोकांचा इतिहास पाठ होता आणि आपण कशाला हो म्हणतो आहोत याचा अंदाजही होता. होकार दिल्यावर ती पहिली काय करते? शंभराहून अधिक किलोमीटरवर यहूदीयाच्या डोंगराळ भागात आपली नातलग अलीशिबा हिच्याकडे जाते आणि तीन महिने राहते. ज्या एकाच बाईला तिची गोष्ट खरी वाटेल अशी आशा होती, तिच्याकडे. श्रद्धा एकट्याने निभावण्याची गोष्ट नाही, हे लूकला वेगळं सांगावं लागत नाही.

जाता जाता एक नेहमीची गल्लत. 8 डिसेंबरला कॅथलिक मंडळी जो निष्कलंक गर्भसंभवाचा सण पाळते, तो येशूच्या गर्भधारणेचा नाही. मरीया स्वतः आपल्या आईच्या पोटी आली तेव्हापासून मूळ पापापासून मुक्त होती, अशी ती शिकवण आहे. 1854 मध्ये पोपने ती अधिकृत ठरवली, आणि प्रॉटेस्टंट मंडळ्या ती मानत नाहीत. येशूच्या गर्भधारणेचा दिवस 25 मार्चला येतो, नाताळच्या बरोबर नऊ महिने आधी.

योसेफ, ज्याच्या तोंडी एकही शब्द नाही

मरीया योसेफाला वाग्दत्त होती. याचं भाषांतर 'साखरपुडा झाला होता' असं केलं की सगळा पेच विरघळून जातो. साखरपुडा मोडला तर बोलाचाली होते, देणंघेणं परत होतं. यहुदी वाग्दान कायद्याने लग्नाइतकंच बांधील असे. फक्त वधू अजून नवऱ्याच्या घरी नांदायला गेलेली नसे. ते मोडायला सूटपत्र लागे. या काळात ती दुसऱ्याकडून गरोदर राहिली तर नियमशास्त्रात दगडमाराची शिक्षा सांगितलेली होती. प्रत्यक्षात ती किती वेळा अमलात येई हा वेगळा प्रश्न, पण बदनामी तर ठरलेलीच.

मत्तय म्हणतो, योसेफ नीतिमान होता आणि तिचा बोभाटा करण्याची त्याची इच्छा नव्हती, म्हणून त्याने गुपचूप सूटपत्र द्यायचं ठरवलं. ठरवलं ते स्वप्नाच्या आधी, ही गोष्ट सुटू नये. आपण फसवलो गेलो आहोत असं वाटत असतानाही समोरच्याची अब्रू राखायची, इथवर तो देवदूताच्या मदतीशिवाय पोचलेला आहे. स्वप्नाने त्याला त्याच्या पुढचं पाऊल दिलं.

योसेफाला चार स्वप्नं पडतात (मत्तय 1:20, 2:13, 2:19, 2:22) आणि प्रत्येकात फक्त पुढची एक हालचाल सांगितलेली आहे. हिला घरी आण. मिसर देशात पळ. परत ये. गालील प्रांताकडे वळ. मिसरात किती वर्षं काढायची ते सांगत नाहीत. 'मी सांगेपर्यंत तिथेच राहा' एवढंच. चौथ्या वेळी तर योसेफ आधी स्वतःच घाबरतो. हेरोदाच्या जागी त्याचा मुलगा अर्खेलाव आला आहे हे कळल्यावर यहूदीयात जायला त्याचा पाय रेटत नाही, आणि स्वप्न येतं ते त्याच्या या भीतीला दुजोरा द्यायला. भीती अनाठायी नव्हती: इसवी सन 6 मध्ये अर्खेलावाला त्याच्या जुलमामुळे रोमनेच पदावरून काढलं. तेव्हा धोका ओळखून वाट बदलणं म्हणजे विश्वासाची कमतरता, असं या कथेवरून तरी म्हणता येत नाही.

आणखी एक बारकावा. मुलाचं नाव येशू ठेवतो तो योसेफ. नाव ठेवणं म्हणजे मूल आपलं म्हणून पत्करणं. मत्तयच्या वंशावळीत येशू दाविदाच्या घराण्यात येतो तो या पत्करण्याने, रक्ताने नाही. त्याच वंशावळीत मरीयेच्या आधी तामार, राहाब, रूथ आणि उरीयाची बायको अशा चार स्त्रिया आहेत, प्रत्येकीच्या मागे लोकांनी कुजबुज केली असेल अशी कहाणी. मत्तय वाचकाला मरीयेसाठी तयार करतो आहे. नाताळच्या उपासनेत ही नावांची रांग कंटाळवाणी म्हणून गाळली जाते, ते टाळावं.

'उतारशाळेत जागा नव्हती'

आता खानावळवाला. मराठी बायबलमध्ये 'उतारशाळेत त्यांना जागा नव्हती' असं आहे. लूकने इथे वापरलेला ग्रीक शब्द काटालुमा. हाच शब्द तो 22व्या अध्यायात शेवटच्या भोजनाच्या पाहुण्यांच्या खोलीसाठी वापरतो. खरोखरची धर्मशाळा दाखवायची असते, जसं चांगल्या शोमरोन्याच्या दाखल्यात, तेव्हा तो वेगळा शब्द घेतो: पांडोखेइऑन. म्हणून अनेक अभ्यासकांचं म्हणणं असं की बेथलेहेमात योसेफाच्या नातलगांचंच घर होतं, पाहुण्यांची खोली भरलेली होती, आणि बाळाला घराच्या त्या भागात ठेवलं जिथे रात्री जनावरं बांधत.

तिथली साधी घरं बऱ्याचदा अशी असत: एक मोठी खोली, तिचा दाराजवळचा भाग दोन-तीन पायऱ्या खाली, जनावरांसाठी. माणसांच्या उंच भागाच्या कडेला गव्हाणी, बहुधा दगडात कोरलेली. कोकणात किंवा घाटावर ज्यांनी घराच्या एकाच छपराखालचा गोठा पाहिला आहे त्यांना हे चित्र डोळ्यांपुढे आणायला कष्ट पडणार नाहीत. दुसऱ्या शतकातला ख्रिस्ती लेखक जस्टिन मार्टर गुहेचा उल्लेख करतो, आणि बेथलेहेमचं जन्मस्थानाचं चर्च त्याच गुहेवर आहे: चौथ्या शतकात कॉन्स्टंटाइनने बांधलेलं, सहाव्यात जस्टिनियनच्या काळी पुन्हा उभारलेलं. घर आणि गुहा यांत भांडण लावायची गरज नाही, कारण त्या टेकड्यांत गुहेला लागून घर बांधण्याची पद्धत होतीच.

याने धडा बदलतो. 'दार लावून घेणाऱ्या दुष्टासारखं होऊ नका' हे सांगायला सोपं आहे, आणि ऐकणारा निर्धास्त राहतो, कारण तो दुष्ट म्हणजे आपण नव्हे हे त्याला ठाऊक असतं. भरलेल्या घरात जनावरं थोडी सरकवून जागा करून देणारं कुटुंब डोळ्यांसमोर ठेवलं की सांगणं जास्त अवघड होतं: सोय नव्हती, तरी केली. लूक गव्हाणीचा उल्लेख तीनदा करतो (2:7, 2:12, 2:16). मेंढपाळांना दिलेली खूणही तीच, बाळंत्याने गुंडाळलेलं आणि गव्हाणीत निजवलेलं बालक. ज्यांच्या घरात गव्हाणी होती त्यांना ही खूण लगेच कळली असणार. आपल्यासारख्याच घरात शोधायचं आहे.

देवाने असं माणसाच्या देहात जन्माला येणं, याला ख्रिस्ती धर्मशास्त्र देहधारण म्हणतं. मराठी वाचक त्याला चटकन अवतार म्हणतो. पहिली ओळख व्हायला ते ठीक, पण तिथेच थांबलं तर चुकतं. ख्रिस्ती शिकवणीत हे एकदाच घडलं आणि घेतलेला मनुष्यस्वभाव पुढे टाकून दिला नाही. 325 मध्ये नायसिया इथे आणि 451 मध्ये कॅल्सेडन इथे भरलेल्या धर्मसभांनी सूत्र बांधलं: पूर्ण देव आणि पूर्ण मनुष्य, अर्धा-अर्धा नाही, आणि मनुष्याचं सोंगही नाही. म्हणून बाळंतं महत्त्वाचं. म्हणूनच लूक सांगतो की मुलगा ज्ञानाने आणि शरीराने वाढत गेला. म्हणजे त्याला वाढावं लागलं. गोव्यात 1616 साली राचोलला छापलेल्या आपल्या क्रिस्तपुराणात इंग्रज जेझुइट फादर थॉमस स्टीफन्स यांनी ही कथा मराठी ओवीत घातली आणि स्वर्गाला वैकुंठ म्हटलं. शब्द ओळखीचे घ्यायचे आणि आशय नवा भरायचा, ही कसरत मराठीत चारशे वर्षं चालू आहे.

मेंढपाळ, आणि रोममधला दुसरा तारणारा

मेंढपाळ समाजाने बहिष्कृत केलेले होते असं नेहमी सांगतात. त्याचे पुरावे नंतरच्या काळातले आहेत आणि बेथलेहेमचा दावीद स्वतः मेंढपाळ होता, म्हणून तेवढं ताणू नये. रात्रपाळीचे गरीब मजूर एवढं पुरे. त्याहून धारदार गोष्ट वेगळीच आहे. आशिया मायनरमधल्या प्रियेने शहरातल्या इसवी सनापूर्वी 9 च्या शिलालेखात रोमन सम्राट औगुस्त कैसराला तारणारा म्हटलं आहे आणि त्याचा जन्मदिवस ही जगासाठी सुवार्तेची सुरुवात आहे असं कोरलेलं आहे. लूक आपला दुसरा अध्याय औगुस्ताच्या हुकमाने उघडतो आणि दहाच वचनांत देवदूताच्या तोंडी तेच शब्द देतो: सुवार्ता, तारणारा, जन्म. फक्त पत्ता बदललेला. हे पहिल्या शतकातल्या वाचकाला जितकं झोंबलं असेल तितकं आपल्याला झोंबत नाही, कारण आपण ते शब्द फक्त भेटकार्डांवर वाचतो.

मागी लोकांचा चुकलेला पत्ता

मागी म्हणजे ग्रहताऱ्यांचा अभ्यास करणारे पूर्वेकडचे जाणकार. बायबलमधल्या 'प्रेषितांची कृत्ये' या पुस्तकात हाच शब्द जादूगारासाठी निंदेने आला आहे. ज्या विद्येकडे इस्राएलाचं नियमशास्त्र संशयाने पाहतं, तीच विद्या त्यांना निम्म्या वाटेपर्यंत आणते. निम्म्याच. राजा जन्मला म्हणजे राजवाड्यात, असं धरून ते यरुशलेमला पोचतात. पुढचा पत्ता वचनातून मिळतो, तेही ते वचन नुसतं पाठ असणाऱ्यांकडून. तारा पाहणाऱ्यांना शास्त्राची गरज पडली आणि शास्त्र जाणणाऱ्यांना ताऱ्याची पडलीच नाही.

ते पोचतात तेव्हा मूल 'घरात' आहे, आणि हेरोद दोन वर्षांखालची मुलं मारायला सांगतो, त्यावरून मधे बराच काळ गेला असावा. लूकमध्ये चाळिसाव्या दिवशी मरीया मंदिरात होले किंवा पारव्याची पिल्लं अर्पण करते. नियमशास्त्रातल्या लेवीय या पुस्तकाच्या 12व्या अध्यायानुसार कोकरू परवडत नसेल त्या बाईने दोन पक्षी आणायचे. तेव्हा घरात सोनं आलेलं नसावं, असा तर्क बरेच जण करतात.

सोनं राजासाठी, ऊद देवासाठी, गंधरस मरणासाठी, हा अर्थ मत्तय देत नाही. तो दुसऱ्या शतकातल्या इरेनेयस या ख्रिस्ती लेखकापासून चालत आला. वाईट नाही, पण वस्तू माहीत असाव्यात. ऊद हा अरबस्तान आणि सोमालियाकडच्या झाडाचा डिंक. आपल्या सातपुड्यातली सालई त्याच कुळातली. आज दुकानात ऊद म्हणून मिळतो तो बहुधा दुसऱ्याच झाडाचा असतो. गंधरस म्हणजे काष्ठौषधींच्या दुकानातला हिराबोळ, गुग्गुळाचा भाऊबंद. चवीला कडू. योहानाच्या शुभवर्तमानात येशूच्या प्रेताला लावायला निकदेम जे आणतो त्यात हाच गंधरस आहे.

यानंतरचा भाग बहुतेक नाटुकल्यांत नसतो. मागी लोकांनी निरागसपणे विचारलेल्या प्रश्नामुळे हेरोद सावध झाला आणि बेथलेहेममधली मुलं मारली गेली. बायझंटाइन, म्हणजे पूर्वेकडच्या चर्चच्या, उपासनेत मारलेल्या मुलांचा आकडा 14,000 आहे. बेथलेहेम लहानसं गाव होतं, त्यामुळे आजचे अभ्यासक वीसच्या आसपास किंवा त्याहून कमी धरतात. योसेफस या घटनेचा उल्लेख करत नाही. हेरोदाने स्वतःच्या तीन मुलांना मारवलं, ते मात्र योसेफसने लिहून ठेवलं आहे.

इथे श्रद्धेचा धडा काढताना हात सगळ्यात जास्त सांभाळावा लागतो. 'यातही देवाची योजना होती' हे वाक्य इथे बोलू नये. मत्तयनेही टाळलं आहे, आणि ते त्याच्या व्याकरणात दिसतं. एरवी तो 'वचन पूर्ण व्हावे म्हणून हे झाले' असं लिहितो. मुलांच्या कत्तलीपाशी 'म्हणून' गळतं आणि उरतं ते 'तेव्हा वचन पूर्ण झाले' (2:17). असाच बदल पुढे यहूदाच्या विश्वासघाताच्या पैशांपाशी आहे (27:9). हेरोदाच्या कृत्याला तो देवाचा हेतू म्हणत नाही. तो यिर्मया संदेष्ट्याची ओळ आणतो: इस्राएलाची पूर्वज आई राहेल आपल्या मुलांसाठी रडत आहे, आणि ती सांत्वन पावत नाही. पाश्चात्त्य चर्च 28 डिसेंबरला या मुलांचा दिवस पाळतं, नाताळ होऊन तीनच दिवसांनी, करंज्या अजून डब्यात असताना.

घरी आणि मंडळीत

आगमनकाळ 25 डिसेंबरच्या आधीच्या चार रविवारांचा. पहिला रविवार 27 नोव्हेंबर ते 3 डिसेंबर यांच्या दरम्यान येतो. वाचन असं वाटता येईल: पहिल्या आठवड्यात लूक 1:1 ते 25 आणि 1:57 ते 80, म्हणजे जखऱ्याची कथा सलग होते. दुसऱ्यात 1:26 ते 56. तिसऱ्यात मत्तयचा पहिला अध्याय, वंशावळीसकट. चौथ्यात काही नवं न वाचता मीखाच्या पाचव्या आणि यशयाच्या नवव्या अध्यायातली जुनी वचनं. 24 च्या रात्री लूक 2:1 ते 20. मत्तयचा दुसरा अध्याय 28 डिसेंबर ते 6 जानेवारीसाठी ठेवावा.

गोठा करताना, वसईच्या गावांतला मोठा असो की कपाटावरचा लहान, गव्हाणी 24 च्या रात्रीपर्यंत रिकामी ठेवावी आणि मागी लोकांना खोलीच्या दुसऱ्या टोकाला, खिडकीत उभं करावं. रोज वीतभर पुढे सरकवत त्यांना 6 जानेवारीला, मागी लोकांच्या सणाला, पोचवायचं. मुलांना ते अंतर हाताने कळतं. गोव्यात कांसावलीकडे त्याच दिवशी तीन गावांतले तीन मुलगे राजे होऊन घोड्यावरून टेकडीवरच्या चॅपेलात जातात. तिथेही येण्याची वाटच सणाचा मोठा भाग आहे. गोठा 6 तारखेला आवरून टाकायची घाई मात्र करू नये. चाळिसावा दिवस 2 फेब्रुवारीला येतो, आणि शिमोन-हन्नाचं वाचन त्या दिवसाचं आहे.

त्या वाचनात मंदिरातला शिमोन बाळाला हातांत घेऊन, आता मला शांतीने मरू दे म्हणतो आणि मरीयेला सांगतो की तुझ्या जिवातून तलवार आरपार जाईल. कशाची तलवार, कधी, ते सांगत नाही. हन्ना विधवा, मजकुरातल्या 84 या आकड्याचा अर्थ कोणी तिचं वय असा घेतो, कोणी वैधव्याची वर्षं असा. ती मंदिर सोडत नसे. मग कुटुंब नासरेथला परततं. बारा वर्षांचा झाल्यावर मुलगा यरुशलेममध्ये मागे राहतो, तीन दिवसांनी मंदिरात सापडतो, आणि आई विचारते, असं का केलंस? त्याचं उत्तर लूक देतो आणि लगेच पुढच्या वचनात (2:50) मरीया आणि योसेफ यांच्याबद्दल लिहितो की तो जे बोलला ते त्यांना समजलं नाही. नंतर ते तिघं नासरेथला खाली उतरून गेले.